नाम घ्यायचंय, पण सुरुवात कशी करायची?

नामस्मरण करायची इच्छा खूप जणांना असते पण गाडी अडते ती ठरलेल्या प्रश्नांवर. कुठलं नाम घ्यायचं, गुरू केलाच पाहिजे का, माळ कुठली आणायची, आंघोळ झालेलीच हवी का, आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे मनच लागत नाही त्याला काय करायचं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मन लागलं की नाम घेईन असं ठरवून बसलात तर नाम कधीच सुरू होणार नाही. आधी तोंड सुरू करायचं, कान तिकडे द्यायचा, आणि मन मागून येतं, त्याच्या वेळेने येतं पण येतं.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये. माउलींच्या हरिपाठात शेवटाकडे एक अभंग आहे, हरिपाठ म्हणणाऱ्या सगळ्यांना पाठ असतो तो, पण आपण तो तालात म्हणून पुढे जातो आणि त्यात अख्खी पद्धत सांगितलीय हे लक्षातच येत नाही.

एक तत्त्व नाम दृढ धरीं मना ।
हरीसी करुणा येईल तुझी ॥
तें नाम सोपें रे राम कृष्ण गोविंद ।
वाचेसी सद्गद जपें आधीं ॥

आणि शेवटी म्हणतात,

ज्ञानदेवा मौन जपमाळ अंतरीं ।
धरोनि श्रीहरि जपे सदां ॥

क्रम बघा. पहिलं, नाम एकच आणि ते घट्ट धरायचं. दुसरं, वाचेने जपायचं, आणि तिथे ‘आधीं’ असा शब्द घातलाय. आतली मौन जपमाळ शेवटच्या चरणात येते. आपण उलटं करायला जातो, पहिल्याच दिवशी डोळे मिटून मनातल्या मनात जप करायला बसतो, दोन मिनिटांत मन ऑफिसात नाहीतर भाजीच्या पिशवीत जाऊन बसतं आणि मग आपल्याला हे जमणारं नाही म्हणून सोडून देतो. या अभंगाच्या क्रमानेच जाऊया.

नाम कुठलं घ्यायचं

गुरूंनी दिलेलं असेल तर प्रश्नच मिटला, तेच घ्यायचं. नसेल दिलेलं तर अडून बसू नका. नामाला दीक्षा लागतेच असं नाही. बीजमंत्र, गायत्री, किंवा ज्यांना न्यास, विनियोग वगैरे (जपाआधी करायचे ठरलेले विधी) आहेत असे मंत्र स्वतःच्या मनाने यूट्यूबवर बघून सुरू करू नयेत, ते ज्याचं त्याने जाणत्याकडून घ्यावं. पण राम, कृष्ण, हरी, विठ्ठल, शिव, दत्त हे कुणीही केव्हाही घ्यावं, यावर सगळ्या संतांचं एकमत आहे.

आपल्याकडे जे चालतं ते सांगते. वारकरी ‘राम कृष्ण हरी’ घेतात. तुकोबांना हा मंत्र बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिला, माघ शुद्ध दशमी आणि गुरुवार होता, ते स्वतः अभंगात तिथीवारासकट सांगतात. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा मंत्र, मोजून बघा बरोबर १३ भरतात, समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला १२ वर्षं राहून याचा १३ कोटी जप केला असं परंपरा सांगते, आणि पुढे गोंदवलेकर महाराजांनी (१८४५ ते १९१३) हाच घरोघरी पोचवला. दत्तसंप्रदायात ‘दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा’, १८ अक्षरं, टेंब्येस्वामींनी दिलेला. ‘ॐ नमः शिवाय’ तर सगळ्यांना माहितीच आहे. ‘श्री स्वामी समर्थ’ अर्ध्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. आणि ‘हरे राम हरे कृष्ण’ हा सोळा नामांचा महामंत्र, कलिसंतरण उपनिषदातला, चैतन्य महाप्रभूंच्या परंपरेत तो मुख्य.

यातलं कुठलं श्रेष्ठ या वादात पडायचंच नाही. जे नाव घेतल्यावर आत थोडं का होईना हलतं ते तुमचं. काहीच कळत नसेल तर कुलदैवताचं घ्या, तेही ठरत नसेल तर राम घ्या. पण ठरलं की बदलायचं नाही. सोमवारी शिव, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती असं वाराप्रमाणे नाम बदलणारी मंडळी मी खूप बघते, दर्शनाला जा ना वाराप्रमाणे, आरती करा, उपास करा, पण जपाचं नाम एकच ठेवा. कारण नाम जिभेवर बसायला वेळ लागतो, आणि बसलं की ते आपण न घेताही सुरू राहतं, हे सगळं एकाच नामाने होतं.

वेळ आणि किती

सुरुवातीला एक माळ, म्हणजे १०८ वेळा नाम. बस. अकरा माळांचा संकल्प पहिल्याच आठवड्यात करू नका, चार दिवस उत्साहात होतात, मग पाहुणे येतात, मुलाची परीक्षा येते, आणि एकदा मोडलं की लाज वाटून माणूस देवघराकडे बघायचंच टाळतो. एक माळ कुणालाही होते. ‘राम कृष्ण हरी’ची सावकाश म्हटली तरी चार-पाच मिनिटं, तेरा अक्षरीची सहा-सात मिनिटं, महामंत्राची साधारण सात-आठ. इस्कॉनवाले दीक्षा घेतली की रोज १६ माळा करतात आणि त्यांना दीड-दोन तास लागतात, त्यांची ती शिस्त बघून आदर वाटतो, पण तिथून सुरुवात करायची नसते.

रोज एक माळ म्हणजे वर्षाला ३९,४२० नाम होतात. हिशोब ठेवणारे बरेच जण १०८ मधले ८ चुकलेले, राहिलेले म्हणून सोडून देतात आणि माळ १०० ची धरतात, म्हणजे हजार माळा झाल्या की एक लाख. हिशोब ठेवायचा असेल तर ठेवा, सुरुवातीला त्याने नेम टिकायला मदत होते. कॅलेंडरवर त्या त्या तारखेला टिंब करायचं, एवढं पुरे.

वेळ कुठली तर जी तुमच्या हातात आहे ती. पहाटेची उत्तमच, समर्थ मनाच्या श्लोकांत प्रभातेच सांगतात, पण ज्या बाईला पहाटे दोन डबे करायचे आहेत तिने पहाटेच्या हट्टापायी नाम सोडू नये. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला नाम जोडून टाका. आंघोळ झाली की लगेच. देवाला दिवा लावला की लगेच. सकाळचा चहा गॅसवर ठेवायच्या आधी. लोकलमध्ये डोंबिवलीला चढल्यावर घाटकोपर येईपर्यंत. ‘दिवसभरात केव्हातरी करेन’ असं ठेवलं की रात्री अकरा वाजता झोपेत माळ हातातून पडते, हे ठरलेलं.

बसायला आसन असावं, साधी सतरंजी किंवा लोकरीचा तुकडा चालतो. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसा, यात काही कमीपणा नाही. पाठ ताठ असली की झोप कमी येते, एवढंच त्यातलं महत्त्वाचं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, हे मात्र मी आग्रहाने सांगते, सायलेंटवर उपडा ठेवलेला फोनसुद्धा अर्धं मन खातो.

माळ

विष्णू, राम, कृष्ण, विठ्ठल यांच्या जपाला तुळशीची, शिवाच्या आणि दत्ताच्या जपाला बहुतेक जण रुद्राक्षाची वापरतात. पंढरपूर, आळंदी, देहू इथे तुळशीमाळा मिळतातच, आता ऑनलाइनही मिळतात पण तिथे तुळस म्हणून दुसरंच लाकूड येऊ शकतं म्हणून शक्य तर ओळखीच्या माणसाकडून मागवा. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ ही वेगळी गोष्ट आहे, ती कुणा महाराजांच्या हातून घालून घेतात आणि तिच्याबरोबर पंढरीची वारी, एकादशी, मांस-दारू वर्ज्य असे नेम येतात. जपाची माळ हातात धरायला हे काही लागत नाही, त्यामुळे माळ घेतली तर आता आपलं काय काय बंद होणार अशी भीती बाळगू नका.

माळेत १०८ मणी आणि एक मेरुमणी असतो, जिथे गोंडा असतो तो. जपाची माळ घेताना दोन मण्यांमध्ये गाठ आहे का बघा. गाठ नसेल तर मणी एकमेकांना चिकटून सरकतात आणि एकाऐवजी दोन ओढले जातात. हातात कशी धरायची तर उजवा हात, माळ मधल्या बोटावर टेकवायची आणि अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी माळेला लागू द्यायची नाही. काही घरांत अनामिकेवर धरतात, तेही चालतं, तुमच्या घरात जसं असेल तसं. एक नाम पूर्ण, मग एक मणी. मणी पुढे आणि नाम अर्धवट असं होऊ देऊ नका. मेरूपर्यंत आलात की मेरू ओलांडायचा नाही, तिथल्या तिथे माळ फिरवून घ्यायची आणि उलट्या दिशेने परत सुरू करायचं. हे माळ फिरवणं एका हाताने करायला सुरुवातीला जमत नाही, बोटांतून निसटते, डाव्या हाताची मदत घ्या, पंधरा दिवसांत सवय होते. माळ जमिनीला टेकू देत नाहीत आणि जप करताना ती बेंबीच्या खाली लोंबू नये म्हणतात, म्हणून गोमुखीत हात घालून छातीपाशी धरायची पद्धत आहे. गोमुखी म्हणजे गायीच्या तोंडाच्या आकाराची कापडी पिशवी, घरीही शिवता येते, सुती कापड घ्या, सिंथेटिकमध्ये हाताला घाम येतो.

आमच्या घरात आजीची माळ आहे, मणी अंगठ्याने घासून घासून इतके गुळगुळीत झालेत की त्यावरच्या रेषाही दिसत नाहीत आणि अंगठा आपोआप पुढे जातो. धागा मात्र दर काही वर्षांनी बदलावाच लागतो, पटवेकऱ्याकडे दिली की गाठी मारून व्यवस्थित ओवून देतो. माळ तुटली म्हणजे अशुभ वगैरे काही मनात आणू नका, धागा जुना झाला की तुटतो, मणी गोळा करा, मोजा, ओवून घ्या.

माळ जवळ नसेल तेव्हा करमाळा, म्हणजे बोटांच्या पेरांवर मोजणं. हे एकदा नीट शिकून घ्या, आयुष्यभर उपयोगी पडतं. उजवा हात उघडा धरा. अनामिकेचं मधलं पेर म्हणजे १, तिचंच खालचं पेर २, मग करंगळीचं खालचं ३, मधलं ४, वरचं ५, तिथून अनामिकेचं वरचं ६, मधल्या बोटाचं वरचं ७, तर्जनीचं वरचं ८, मधलं ९ आणि खालचं १०. मधल्या बोटाची खालची दोन पेरं राहिली ना, तो मेरू, त्यांना अंगठा लावायचा नाही. दहा झाले की डाव्या हातावर त्याच क्रमाने एक पेर पुढे. डाव्या हाताची दहा पेरं झाली की १००, उरलेले ८ मोजायचे तर उजव्या हातावर अनामिकेच्या खालच्या पेरापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत गेलं की बरोबर आठ भरतात. बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, कुणाला कळतही नाही तुम्ही काय करताय.

बोटात घालायचे जप काउंटर आलेत, बटण दाबलं की आकडा वाढतो. चालताना ठीक आहे. पण बसून जप करताना शक्यतो माळच, कारण काउंटरमध्ये सारखा आकड्याकडे डोळा जातो आणि माळेत तो जात नाही.

आवाज कसा

जपाचे तीन प्रकार सांगितलेत. वाचिक म्हणजे दुसऱ्याला ऐकू जाईल असा, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण आपल्यालाच ऐकू येतो, आणि मानस म्हणजे मनातल्या मनात. जुन्या ग्रंथांत यांची एकापेक्षा एक वरची पायरी लावलेली आहे, मानस सगळ्यात वर, आणि इथेच नवीन माणूस फसतो कारण तो थेट वरच्या पायरीवर पाय ठेवतो. तुम्ही वाचिकापासून सुरू करा. घरात माणसं असतील आणि संकोच वाटत असेल तर उपांशु. पण ओठ हलले पाहिजेत. काही महिने असे गेले की कधीतरी भांडी घासताना लक्षात येतं की आत नाम चाललंय, आपण ठरवून सुरू केलेलं नव्हतं, तेव्हा मानस आपोआप आलेला असतो, तो वेगळा करावा लागत नाही.

वेगाचं म्हणाल तर अक्षरं खायची नाहीत. घाईत ‘श्रीराम जय राम’चं ‘शीराजेराम’ होतं, माळ लवकर संपते पण काही उरत नाही. दर अक्षर स्वच्छ ऐकू येईल इतका वेग, त्यापेक्षा जास्त नको. फार संथही नको, दोन नामांच्या मध्ये मोठी फट राहिली की त्या फटीत विचार घुसतो.

मन भरकटतं, मग?

भरकटणारच. माळ हातात घेतली की नेमकं वीजबिल आठवतं, दहा वर्षांपूर्वीचं जावेचं बोलणं आठवतं. याचा अर्थ तुमचं मन जास्त वाईट आहे असं नाही. एरवीही ते हेच करत असतं, नाम घ्यायला बसल्यावर ते आपल्या नजरेला पडतं इतकंच.

उपाय एकच, कान. आपण म्हणतोय ते नाम आपल्याच कानाने ऐकायचं. विचार हाकलायला जाऊ नका, त्यांच्याशी भांडण काढलं की ते पाव्हण्यासारखे मुक्कामच ठोकतात. विचार येतोय, येऊ दे, तुम्ही फक्त पुढचं ‘राम’ नीट ऐका, त्यातला ‘रा’ ऐका, ‘म’ला ओठ मिटतात तेही कळू द्या. मग पुढचं. एका माळेत शंभर वेळा मन गेलं आणि शंभर वेळा परत आणलंत तर ती माळ वाया गेली असं अजिबात समजू नका. माझ्या मते नवीन माणसाची खरी साधना तीच, परत आणण्याची. आणि मन गेलं म्हणून माळ पहिल्यापासून सुरू करायची असले नियम स्वतःला लावू नका, जिथे लक्षात आलं तिथून पुढे.

तरी फारच सैरभैर वाटत असेल त्या दिवशी आवाज वाढवा, मोठ्याने म्हणा, चाल लावून म्हणा, टाळी वाजवा. झोप येत असेल तर उभं राहा किंवा खोलीत येरझाऱ्या घालत म्हणा. देवाचा फोटो किंवा मूर्ती समोर ठेवून डोळे उघडे ठेवलेत तरी चालतं, सगळ्यांना डोळे मिटून जमत नाही. पंढरीच्या विठोबाचं रूप डोळ्यांपुढे आणायचं असेल तर पायांपासून सुरू करा, वीट, पाय, कमरेवरचे हात, मग मुख. आणि अगदीच जमेना तर वही घ्या.

लिखित जप हा अशा वेळी फार चांगला. शंभर पानी वही, एक पेन, आणि ओळीने ‘श्रीराम जय राम जय जय राम’ नाहीतर नुसतं ‘राम’. लिहिताना हात, डोळे आणि मनातला उच्चार तिन्ही गुंततात त्यामुळे भटकायला जागा कमी राहते. ज्यांच्या घरी कुणी आजारी आहे, काळजीने डोकं फिरायची वेळ आलीय, त्यांना मी माळेपेक्षा वहीच सुचवते. भरलेल्या वह्या रद्दीत टाकू नका, बऱ्याच राममंदिरांत आणि मठांत त्या घेतात, आधी विचारून नेऊन द्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. नामाने धीर येतो, हे खरं आहे, पण म्हणून कुणाच्या गोळ्या बंद करू नका, झोप उडालीय, जगणं नको वाटतंय असं कुणी म्हणत असेल तर त्याला माळ देऊन मोकळे होऊ नका, डॉक्टरकडे न्या आणि बरोबरीने नामही घ्या.

कामात नाम

बसून केलेली एक माळ हा नेम झाला. दिवसाचे बाकीचे तास राहतात, आणि आपल्या संतांनी सगळ्यात जास्त भर याच तासांवर दिलाय. जनाबाईंनी दळणकांडण करताना नाम घेतलं, सावतोबांना अरणच्या मळ्यातल्या कांद्यामुळ्यात विठाई दिसली, गोरोबांनी माती तुडवताना नाम घेतलं, सेना महाराज न्हाव्याचा धंदा करत होते. यातल्या कुणी काम टाकून नाम धरलेलं नाही. म्हणून ‘रिटायर झाल्यावर नाम घेईन’ हे मला कधीच पटत नाही, रिटायर झालेल्याचं मन काही नवीन बसवून मिळत नाही, चाळीस वर्षांत जी सवय लागली तीच पुढे चालते.

करायचं कसं ते सांगते. ज्या कामाला डोकं लागत नाही अशी दोन कामं निवडा, जास्त नको. माझ्यासाठी पोळ्या लाटणं आणि चालणं. पोळ्यांना लय असते, लाटणं पुढे-मागे होतं त्यात ‘राम कृष्ण हरी’ सहज बसतं, आणि तव्यावरची फुगेपर्यंत दोन-तीनदा होतं. चालताना पावलावर बसवायचं, राम, कृष्ण, हरी, तीन पावलं, मग एक पाऊल मोकळं. वारीत दिंडीबरोबर मैलोन्‌मैल चालणारी म्हातारी माणसं बघा, ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ म्हणत चालतात, भजन पायात असतं. ज्या कामाला डोकं लागतं, हिशोब, ड्रायव्हिंग, कुणाचं ऐकून घेणं, तिथे नामाचा हट्ट धरू नका. काम सुरू करताना एकदा, संपवताना एकदा, पुरे. समोरचा माणूस आपलं दुःख सांगतोय आणि आपण आतल्या आत माळ ओढतोय, हे बरं दिसत नाही आणि बरं नाहीही.

सुतक, पाळी, आंघोळ

हे प्रश्न बायका दबक्या आवाजात विचारतात म्हणून उघड लिहिते. नामाला सोवळं-ओवळं नाही. पाळीत नाम घ्या. सुतकात नाम घ्या, उलट तेव्हाच त्याची गरज जास्त असते. आंघोळ झाली नाही, अंथरुणातच आहात, दवाखान्यात आहात, घ्या. तुमच्या घरात त्या दिवसांत माळेला आणि देवघराला हात लावत नसतील तर वाद घालत बसू नका, माळ बाजूला ठेवा आणि करमाळा आहेच की. चोखोबांना देवळाच्या आत येऊ दिलं नाही पण नाम कुणाला अडवता आलं नाही, त्यांनी ते बाहेर उभं राहूनच घेतलं. हे आठवलं की बाकीच्या शंका माझ्यापुरत्या तरी गळून पडतात.

मग पथ्य काही आहे का? आहे. पद्मपुराणात दहा नामापराध सांगितलेत, त्यात पहिलाच आहे साधूंची निंदा, आणि एक आहे नामाच्या जोरावर पाप करणं, म्हणजे काहीही वागावं आणि माळ ओढून हिशोब चुकता करावा ही वृत्ती. माळ ओढून उठल्या उठल्या कामवाल्या मावशींवर खेकसायचं नाही, पंगतीत दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवायची नाहीत. आणि किती जप झाला ते सांगत फिरायचं नाही, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला आकडा टाकू नका, बोलल्याने त्यातला ओलावा जातो.

अनुभव किती दिवसांत येतो असंही विचारतात. प्रकाश दिसणं, सुगंध येणं याची वाट बघू नका. बघायचंच तर हे बघा, राग आल्यावर तो उतरायला पूर्वी दोन दिवस लागायचे ते आता किती लागतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दंड म्हणून दुप्पट करू नका, रोजची एक माळ करा आणि पुढे चला. एक माळ वर्षभर बिनबोभाट होऊ लागली आणि आतून वाटलं तर दुसरी वाढवा.

एकट्याने नको वाटलं तर

मग माणसांत जा. संध्याकाळी बहुतेक गावांत मारुतीच्या नाहीतर विठ्ठलाच्या देवळात हरिपाठ असतो. माउलींच्या हरिपाठाचे २७ अभंग, काही प्रतींत २८, आणि दर अभंगानंतर सगळे मिळून ‘हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी’. अर्ध्या तासाच्या आसपास होतो. पाठ नसला तरी जाऊन मागे उभं राहा, धृपद म्हणा, टाळ कुणीतरी हातात देतंच. पखवाज आणि टाळ सुरू झाले की मनाला एकाग्र करावं लागत नाही, ते ओढलं जातं. शहरात सोसायटीतल्या चार बायकांनी मिळून एकादशीला सुरू केला तरी होतो, आणि परदेशात राहणारी आपली माणसं व्हिडिओ कॉलवर एकत्र म्हणतात तेही छानच, फक्त एकाचाच माइक चालू ठेवा, नाहीतर आवाज मागेपुढे होऊन ताल पार विस्कटतो.

आणि वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताहात पहारा करा, म्हणजे ठरलेल्या वेळी वीणा गळ्यात घेऊन नाम म्हणत उभं राहा, हे मला मनापासून सांगायचंय. गोव्यात वास्कोला श्रावणात दामोदराचा सप्ताह होतो तिथे २४ तास भजन अखंड चालतं, आपल्याकडे गावोगाव सात दिवसांचा असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, आणि या सगळ्याच्या खाली सात दिवस-रात्र न थांबता वीणा चालू. वीणा त्या सात दिवसांत खाली ठेवत नाहीत. एकाची वेळ संपली की दुसरा येतो, वीणेला नमस्कार करतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, मग वीणा याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात जाते. वय, जात, हुद्दा काही बघत नाहीत, पाया दोघांनीही पडायचं. वीणा वाजवता आली पाहिजे असं काही नाही, एका बोटाने तार छेडत उभं राहायचं आणि नाम म्हणत राहायचं, सोबतीला टाळकरी असतात.

त्यासाठी सप्ताह बसायच्या आधी देवळात जाऊन पहाऱ्याच्या यादीत नाव घाला. संध्याकाळचे पहारे लगेच भरतात, मध्यरात्रीनंतर दोन ते चारला माणूस मिळत नाही, तोच मागून घ्या. आधी दुपारी थोडी झोप काढा, पोटभर जेवून जाऊ नका, स्वेटर न्या, पायात जाड मोजे घाला कारण फरशी गार असते, आणि पहारा संपायच्या दहा मिनिटं आधी पुढच्या माणसाला उठवायला कुणाला तरी सांगून ठेवा, तो बहुतेक मंडपातच कुठेतरी घोंगडी पांघरून झोपलेला असतो.